सोडून आलो, म्हणे!

वडीगोद्रीच्या फाट्यावर चांगुणाबाईच्या हॉटेलात चहा प्यायला बसलात तर एक गोष्ट सांभाळा. 'सोडून आलो' हे शब्द तिच्यासमोर जपून काढा. पोराला शाळेत सोडून आलो, पाव्हण्याला यष्टीवर सोडून आलो, असं म्हटलेलं चालतं. तेवढं तिला कळतं. पण कुत्र्याची पिल्लं सोडून आलो असं कुणी म्हणालं, की उकळता चहा तसाच स्टोव्हवर ठेवून ती बाहेर येते आणि त्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

"सोडून आलो म्हणं! देवाला पोळ सोडतात, त्याला सोडणं म्हणतात. त्यो कुणाच्या बी रानात शिरला तरी कोणी काठी मारीत न्हाई. तुम्ही टाकून आलात. टाकून आलो म्हणा, जीभ झडत न्हाई तुमची!"

तिच्या रागाला कारण होतं. हा फाटा पडतो औरंगाबादहून बीडकडं जाणाऱ्या हायवेवर. दोन्ही अंगाला हॉटेलं, पंक्चरची दुकानं, उन्हाळ्यात रसवंत्या. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांनी कधीतरी परस्पर ठरवून टाकलं होतं, की हॉटेलं आहेत म्हणजे खरकटं आहे आणि खरकटं आहे म्हणजे कुत्र्याचं पोट भरतं. एवढा विचार केला की पुण्यवान माणूस मोकळा. युरियाचं रिकामं पोतं घ्यायचं, त्यात पिल्लं भरायची, तोंडाला सुतळी बांधायची, झुंजूमुंजू व्हायच्या आत मोटारसायकलवर टाकून फाट्यावर यायचं आणि पोतं रस्त्याच्या कडेला ठेवून मागं न बघता निघून जायचं. काही महाभाग तर पोत्याचं तोंड मोकळं करण्याचीही तसदी घेत नसत. ज्यांचे डोळे अजून उघडले नाहीत, जी आईच्या कुशीपासून कधी वीतभर लांब गेली नाहीत, ती पिल्लं हॉटेलातली शिळी भजी कशी खाणार, हा प्रश्न एकालाही पडत नसे. थंडीच्या दिवसांत पोत्यातून निघालेली पिल्लं ऊब शोधत रांगायची आणि ऊब असायची ती डांबरावर. पुढचं सांगवत नाही. सकाळी फावडं घेऊन रस्त्यावर जायचं काम चांगुणाबाईचंच असे, कारण बाकीच्या हॉटेलवाल्यांना त्या वेळी नेमकी कढई चढवायची असे.

आणि त्या पोत्यांतही एक गंमत होती, गंमत म्हणायची लाज वाटते ती. पोत्यात निघायच्या त्या बहुतेक सगळ्या माद्या. नर राखणीला ठेवायचा, वस्तीवर बांधायचा. मादी ठेवली तर उद्या ती विणार आणि दारात पुन्हा पिल्लं होणार, म्हणून ती पोत्यात. मग त्या माद्यांतली एखादी नशिबानं जगायची, फाट्यावरच मोठी व्हायची, भादव्यात तिच्यामागं कुत्र्यांची रांग लागायची आणि दिवाळीनंतर कुठल्या तरी टपरीखाली ती व्यायची. ज्या पिल्लांचा वैताग नको म्हणून तिला टाकलं, ती पिल्लं झालीच, फक्त दुसऱ्याच्या दारात झाली. ह्यालाच गावात लोक हुशारी म्हणत.

चांगुणाबाईचं लग्न झालं एक्क्याऐंशी साली, गोदाकाठच्या एका गावात. नवरा बऱ्यापैकी शेतीवाला. मूल झालं नाही. तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला बैलगाडीत बसवून माहेरच्या शिवेवर उतरवून दिलं. घरापर्यंतही आला नाही. थोरला भाऊ कडूबा ट्रंक डोक्यावर घेऊन तिला घरी घेऊन आला. कडूबा तसा मायाळू माणूस, गावात मान असलेला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सोडलंय त्यानं तिला." आणि हेच गावाचंही मत होतं. नवऱ्यानं सोडलेली. जणू खुंट्याला बांधली होती आणि आता मोकळी केली, उपकारच केले. चांगुणाबाई आत चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि दात खाऊन गप्प बसायची. त्या वेळी ती गप्प बसायची, हे आज फाट्यावर कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

पुढं कडूबानंच त्याच्या रानाचा हायवेला लागून असलेला तुकडा तिला हॉटेल टाकायला दिला. चार पत्रे, दोन बाकडी, एक स्टोव्ह. भावजय तुळजाबाई अबोल होती, पण वाईट नव्हती. सणासुदीला डबा पाठवायची. चांगुणाबाईचा चहा चांगला चालला. ट्रकवाले तिच्याकडंच थांबायचे, कारण ती चहात आलं टाकायची आणि उधारी मागणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायची.

मैना आली ती अशाच एका पोत्यातून. बाकीची सगळी पिल्लं गारठून गेली होती, ही एकटी तळाशी, भावंडांच्या अंगाखाली दबलेली, म्हणून वाचली. चांगुणाबाईनं तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, स्टोव्हजवळ ठेवलं. तांबड्या अंगाची, पांढऱ्या पायांची ती कुत्री मोठी झाली तशी हॉटेलाची मालकीण झाली. ओळखीच्या ट्रकचा आवाज लांबून ओळखायची. चांगुणाबाई झोपली की तिच्या पायाशी पडायची. दहा वर्षं जिच्या पायाशी कुणी बसलं नव्हतं त्या बाईला ह्याचं काय वाटलं असेल, ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण कुत्रीला 'हाड' म्हणणाऱ्याला तिच्याकडं चहा मिळत नसे.

मैना व्याली. चांगुणाबाईनं हौसेनं पिल्लं वाढवली आणि मागणाऱ्यांना दिली. "पोरावाणी सांभाळतो, मावशी," म्हणत लोक घेऊन गेले. तिसऱ्याच महिन्यात त्यातल्या दोन माद्या पुन्हा फाट्यावर दिसल्या, हाडांचा सापळा झालेल्या. पोरावाणी सांभाळलेल्या! पुढच्या खेपेला तिनं पिल्लं दिली ती गावं विचारून, घरं विचारून. तेव्हाही तेच. तिसऱ्या खेपेला, सत्त्याण्णव सालच्या पौषात, तिनं ठरवलं की आता कुणालाच द्यायची नाहीत. पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते. तेवढ्यात अंबडला मावशी वारली म्हणून तिला जावं लागलं. हॉटेल दोन दिवस कडूबावर सोपवलं.

परत आली तर मैना हॉटेलामागं जमीन उकरत होती. थानं दगडासारखी तटतटलेली. खोपटात पिल्लू नाही.

कडूबा बाकड्यावर बसून बिडी ओढत होता. "चांगुणा, तुझा घोर मिटवला बघ म्या," तो म्हणाला. "कुंभार पिंपळगावच्या बाजारला गेल्तो बैल बघायला. जाता जाता पिल्लं जांबला सोडून आलो. समर्थाचं गाव हाये. लोकं दर्शनाला येतात, परसाद असतो. बराबर जगतात तिथं. आपल्याला बी पुण्य."

"किती दिसाची पिल्लं हायेत ती, दादा? परसाद खातात?"

"आता देवाच्या दारात सोडलंय. त्याची त्याला काळजी."

म्हणजे देवानं आता देवळातून उठून बाटलीनं दूध पाजायचं! चांगुणाबाई तांब्याभर पाणी प्यायली, तिनं मैनाला साखळीनं बांधलं आणि आल्या पावली काळी-पिवळी धरून निघाली. दोन जीपा बदलून दुपारी उशिरा जांबला पोचली.

देवळाच्या बाहेर साळूबाई नावाची एक म्हातारी नारळ-फुलं विकत बसली होती. तिच्या टोपलीशेजारी फाटक्या गोधडीवर एक तांबडं पिल्लू निजलं होतं. पांढरे पाय. चांगुणाबाईनं खाली बसून त्याच्या पाठीवर हात फिरवला.

"ह्याच्या बरुबरची बाकीची कुठं हायेत, आजी?"

"एक जीपीखाली गेलं. बाकीची तिकडं नाल्याकडं गेली, मंग न्हाई दिसली बाई. थंडी किती हाये." साळूबाईनं पिल्लाच्या अंगावरची गोधडी सारखी केली. "कुठकुठले लोकं आणून टाकतात. म्हणतात, देवाचं गाव हाये. मी एकटी म्हातारी, किती जणाला भाकर चारू?"

"मंग तुमच्या गावातल्या कुत्र्यांची पिल्लं? ती कुठं जातात?"

साळूबाई सहज म्हणाली, "आमच्याकडचे लोकं न्हाई ठिवत इथं. ते तिकडं वडीगोद्रीच्या फाट्यावर नेऊन सोडतात. हायवे हाये, हॉटेलं हायेत. आन् तिथं एक बाई हाये म्हणं, हॉटेलवाली, लई दयाळू. पोळ्या घालती कुत्र्यांला."

चांगुणाबाईला वाटलं कुणीतरी थोबाडीत मारली. वडीगोद्रीची पिल्लं जांबला, जांबची पिल्लं वडीगोद्रीला. दोन्हीकडची पोती रस्त्यात एकमेकांना ओलांडून जात असतील, कदाचित एकाच काळ्या-पिवळीच्या टपावर, आणि दोन्हीकडचे लोक घरी जाऊन हात धुऊन जेवत असतील. आणि दयाळू बाई कोण, तर ती स्वतः! तिच्या पोळ्यांच्या भरवशावर अख्खा तालुका पाप करायला मोकळा झाला होता. तिला स्वतःचाही राग आला. पोळ्या घालून काय केलं तिनं? नळ वाहतोय आणि आपण फडक्यानं ओटा पुसत बसलोय, तसं झालं होतं हे. पिल्लू पदरात गुंडाळून ती उठली. मैनाच्या पोटचं आता एकही पिल्लू पोत्यात जाणार नाही, एवढं तिनं जीपमध्ये बसता बसता नक्की केलं. ते कसं करायचं हे तिला माहीत नव्हतं.

कसं करायचं ते पुढच्याच आठवड्यात कडूबाच्याच रानात कळलं. कडूबानं बाजारातून आणलेला तरणा गोऱ्हा बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा होता. त्यासाठी गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर देवानंद खरात आले होते. डॉक्टर घनसावंगीकडचे, शिकून सरकारी नोकरीत लागलेले, बोलायला मऊ. चांगुणाबाई चहाची किटली घेऊन गेली तर गोऱ्हा दोरांनी पाडलेला, चौघांनी दाबून धरलेला, कडूबा त्याच्या मानेवर बसलेला आणि डॉक्टरांच्या हातात तो मोठा लोखंडी चिमटा. गोऱ्ह्यानं एकदा असा हंबरडा फोडला की किटलीवरचं झाकण तिच्या हातातून पडलं. झालं. दोर सुटले. गोऱ्हा थरथरत उभा राहिला.

"आता कसा गरीब होतो बघा," कडूबा धोतर झटकत म्हणाला.

चांगुणाबाईनं चहा ओतला आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, कुत्रीला बी असं करता येतंय का? पिल्लं होऊ नये म्हणून?"

"येतं की, मावशी," डॉक्टर म्हणाले. "पण मादीचं पोट उघडावं लागतं, गर्भपिशवी काढावी लागते. भूल देऊन करतात, तिला कळत नाही. माझ्याकडं तसं टेबल नाही, सामान नाही. परभणीला कॉलेज आहे गुरांच्या डॉक्टरांचं, तिथं होतं. फक्त दूध आटू द्या आधी, आणि पुन्हा माजावर यायच्या आत न्या."

"मंग परत कधीच व्हत न्हाई?"

"कधीच नाही. तिची नाही, तिच्या पिल्लांची नाही, त्यांच्या पिल्लांची नाही. भाकरीनं एक कुत्रं जगतं, मावशी. पण ह्या एका ऑपरेशननं पुढची सगळी पोती बंद होतात."

कडूबा चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला होता. "काय बोलून राह्यली तू? मुक्या जनावराचं कुळ बुडवती? पाप लागंल चांगुणा, सात जन्म फेडावं लागंल. देवानं दिलेलं पोट फाडायचं?"

चांगुणाबाईनं भावाकडं पाहिलं, मग गोऱ्ह्याकडं पाहिलं. गोऱ्हा अजून थरथरत होता.

"दादा, आत्ता तू कुणाच्या मानंवर बसला व्हता?"

धरणारे गडी हसले. डॉक्टरांनी तोंड फिरवलं. कडूबाचा चेहरा लाल झाला. "बैलाची गोष्ट येगळी हाये. ते कामाचं जनावर हाये."

"म्हणजे तुझ्या औताला पाहिजे म्हणून केलं तर पुण्य, आन् पिल्लं रस्त्यावर मरू नये म्हणून केलं तर पाप? ह्या दावणीच्या बैलानं कुणाचं कुळ वाढवलंय, सांग मला. आन् जांबच्या नाल्यात जे चार जीव गेले, त्येचं पाप कुणाच्या खात्यावर?"

"म्या मारली न्हाई ती. सोडली."

"टाकली!" चांगुणाबाई एवढ्या जोरात ओरडली की गोऱ्हा बिचकला. "टाकली, दादा. मला शिवंवर टाकलं व्हतं तसं टाकली. फरक एवढाच की मला ट्रंक दिली व्हती बरुबर."

चारचौघांत थोरल्या भावाला असं बोललेलं गावात खपत नाही. कडूबा पुढं आला, पण हात उचलला नाही. तो तसला माणूस नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "ती कुत्री परभणीला नेलीस, तर फाट्यावरची जागा खाली करायची. बिलकुल ठिवणार न्हाई. तुझ्यापायी माझ्या पोरींच्या सोयरिकीत आडवं आलं तर?"

कुत्रीच्या ऑपरेशनमुळं पोरींच्या सोयरिकी मोडतात, हे नवंच! पण धमकी खोटी नव्हती. जमीन त्याची होती. त्या चार पत्र्यांखेरीज चांगुणाबाईला जगात कुठं जागा नव्हती. महिनाभर तिनं विचार केला. दूध आटलं. तांबडं पिल्लू मैनाच्या अंगावरून उड्या मारायला लागलं. गावातल्या बायका चहाला येऊन समजावून गेल्या. पारावर लोकांनी कडूबाला टोमणे मारले, की तुझी बहीण आता कुत्र्यांचं नियोजन करती म्हणे. त्यामुळं त्याचा हेका आणखी पक्का झाला. मैना मात्र रोज ट्रक आला की शेपूट हलवत पुढं जायची. चांगुणाबाई तिच्याकडं बघायची आणि तिला त्या पोत्याचा तळ आठवायचा.

माघ संपताना, तांबडं पिल्लू शेजारच्या पंक्चरवाल्याकडं ठेवून, ती निघाली. यष्टीच्या कंडक्टरनं कुत्रीला पायरीवरही चढू दिलं नाही. शेवटी धर्मराज नावाचा एक ओळखीचा ड्रायव्हर सरकी घेऊन परभणीला चालला होता, त्यानं दोघींना वर सरकीच्या पोत्यांवर बसवलं. मैनाला पोत्यांची भीती होती की नाही देव जाणे, पण वाटभर ती चांगुणाबाईच्या मांडीत तोंड खुपसून होती.

कॉलेजात शिकणाऱ्या एका पोरीनं नाव विचारलं. "मालक कोण?"

"मीच."

"तुमच्या मिस्टरांचं नाव सांगा ना, मावशी."

"कुत्री माझी हाये, बाई. त्यानं तर मलाच ठिवलं न्हाई, कुत्रीला काय ठिवतो. चांगुणा लिही."

पोरगी हसली नाही. तिनं चांगुणा लिहिलं. मैनाला भूल दिली तेव्हा चांगुणाबाईला जवळ उभं राहू दिलं. मैनानं डोळे मिटेपर्यंत तिचा पुढचा पाय बाईच्या हातात होता. मग टेबल, मग दिवा, मग दार बंद. चांगुणाबाई व्हरांड्यात बसली. खरंच पाप असेल तर? पोटचं काही नसलेल्या बाईनं दुसऱ्या जिवाची कूस बंद करायला आणली, हे तिलाही आतून कुरतडत होतं, आणि ते बोलून दाखवायला तिथं कुणी नव्हतं. मग तिला डांबरावरचं फावडं आठवलं आणि कुरतडणं थांबलं. मैना बाहेर आली ती ढिली, जीभ बाहेर, पण श्वास चालू. डॉक्टरांनी सांगितलं, टाके चाटू देऊ नका. चांगुणाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून तिच्या पोटाला बांधला आणि धर्मराजचा ट्रक परत येईपर्यंत दोन दिवस त्याच व्हरांड्यात तिच्याजवळ बसून राहिली. उठली ती फक्त पाणी आणायला.

फाट्यावर ट्रक थांबला तेव्हा दिवस मावळायला आला होता. हॉटेलाचं दार उघडं होतं. दोन्ही बाकडी, स्टोव्ह, बरण्या, सगळं बाहेर रस्त्याकडेला काढून ठेवलं होतं. कडूबा कमरेवर हात देऊन उभा होता. आजूबाजूचे हॉटेलवाले आपापल्या दारातून बघत होते. मदतीला एकजण पुढं आला असता तर शपथ!

"म्या सांगितलं व्हतं," कडूबा म्हणाला.

"व्हय, सांगितलं व्हतं." चांगुणाबाईनं मैनाला उचलून खाली उतरवलं. भांडायचं त्राणच नव्हतं तिच्यात. तिनं मैनाला बाकड्यावर ठेवलं आणि आता सामान कुठं न्यायचं ह्याचा विचार करत उभी राहिली.

धर्मराजचा ट्रक गावावरून पुढं निघून गेला आणि थोड्या वेळानं गावाकडच्या वाटेनं तुळजाबाई आली. भर भर चालत, डोक्यावरचा पदर घसरलेला. ही बाई कधी फाट्यावर येत नसे. ती कुणाशी न बोलता बाकड्यापाशी बसली, मैनाच्या पोटाचा पट्टा तिनं अलगद बाजूला केला आणि टाके पाहिले.

"वन्सं, लई दुखलं का हिला?"

"भूल दिल्ती, वहिनी. कळलं न्हाई."

"चांगलं शिवलंय," तुळजाबाई म्हणाली.

"तू घरी जा," कडूबा म्हणाला. "हितं तुझं काय काम?"

तुळजाबाई उठली. पदर सारखा केला. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला चारचौघांत उलट उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"जाते. आधी एक सांगा. माझ्या वक्ताला पाप कुठं गेल्तं?"

"काय?"

"धाकटी झाली तवा. शाळेच्या गुरुजीला सरकारात नसबंदीची केस द्यायची व्हती म्हणून ते घरी आल्ते. म्या म्हणलं, तुम्ही करून घ्या, गड्याचं सोपं असतंय. तुम्ही म्हणलात, गड्याची ताकद जाती, औत कोण हाकंल? मंग मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं, आणखी बायांच्या संगं. कॅम्पात शाळेच्या फरशीवर निजवलं व्हतं आम्हाला, रांगीनं. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॉलीत परत. हादरे बसून बसून टाक्यातून पाणी आल्तं. आठव्या दिवशी कापूस येचायला गेले." तिचा आवाज चढला नव्हता, पण पंक्चरवाल्यानं हातातला हातोडा खाली ठेवला होता. "तवा कुणी म्हणलं न्हाई कुळ बुडतंय. पारावर कोणी बोललं न्हाई. तुम्ही बी न्हाई."

"ते सरकारी व्हतं," कडूबा पुटपुटला.

"ही बाई एका कुत्रीला घिऊन परभणीला गेली. तिचा पाय हातात धरला, दोन दिस तिच्याजवळून हालली न्हाई. धर्मराज सांगून गेला गावात, जाता जाता." तुळजाबाईनं मैनाच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्याजवळ कोण बसलं व्हतं?"

कडूबा त्या दिवशी बाजारला गेला होता, हे त्या तिघांनाही माहीत होतं.

एक ट्रक हॉर्न देत निघून गेला. कडूबा खाली वाकला, स्टोव्ह उचलला आणि आत नेऊन होता त्या जागी ठेवला. मग बाहेर येऊन, कुणाकडंही न बघता, गावाच्या वाटेला लागला. एक बाकडं रिकामं होतं, दुसऱ्यावर मैना निजली होती. तुळजाबाईनं एक टोक धरलं, चांगुणाबाईनं दुसरं, आणि कुत्री न हलवता त्यांनी ते बाकडं तसंच उचलून आत नेलं.